निलंबित कणांचे आभार

एका रविवारी सकाळी बायकोनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "थांबा जरा, मी पोळ्या करतेय," आणि माझ्या हातातली वर्तमानपत्राची पुरवणी अर्ध्या घडीतच थांबली.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसायचं नाही. पण आमच्या घरात, खापरपणजोबा कुण्या मराठा सरदाराच्या चाकरीत नर्मदेकाठी आले तेव्हापासून, कोणी कधी काही 'करत' नव्हतं. आम्ही सगळे 'करून राहिलो' होतो. आजोबा पूजा करून राहायचे, वडील कचेरीत फायली पाहून राहायचे, आणि मी लग्न करून राहिलो तो अजून राहूनच आहे. जबलपूरच्या मराठीत कोणतंही काम नुसतं करून भागत नाही. करायचं आणि मग जरा वेळ तिथं राहायचंही. बायको बालाघाटची. तिकडेही राहायचीच पद्धत. लग्नापासून तिनं मला रोज विचारलं असेल, "काय करून राहिले जी?" आणि हा प्रश्न इतका सवयीचा, की त्याला उत्तरही द्यायचं असतं हे मी कधीच विसरून गेलो होतो.

आता ती 'करतेय'.

हे 'करतेय' कुठून आलं ते मला ठाऊक होतं. मदन महल स्टेशनच्या पलीकडच्या गल्लीतून. तिथं माझा साडू राहायला आला होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा पुण्याचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, डोक्यावर सगळे केस शाबूत. इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात तो प्राध्यापक म्हणून रुजू झाला तेव्हा घर शोधायला मीच त्याच्याबरोबर हिंडलो. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. मी तर तो धोंडा निवडून, पसंत करून, भाडं ठरवून पाडून घेतला.

पहिल्याच रविवारी दोघं जेवायला आले. बायकोनं वाढता वाढता विचारलं, "भावजी, तुम्ही नेमकं काय करून राहिले कॉलेजात?" तेव्हा ती अजून आमच्या बाजूची होती.

"नॅनोफ्लुइडवर काम करतोय, ताई."

"म्हणजे काय हो?"

माझा घास तोंडाशीच राहिला. कारण 'म्हणजे काय हो' हे माझं होतं.

ते माझं कसं, हे सांगायला हवं. मी शहपुऱ्याच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. सकाळची शाळा, दुपारी साडेतीनपावेतो घरी. बायको बालवाडीत शिकवते, तीही तोवर मोकळी. चार वाजता आम्ही दोघं गॅलरीत चहा घेतो. त्या चहाच्या वेळी तिला रोज काहीतरी प्रश्न पडतो. स्टीलच्या पेल्यानं ओठ पोळतात, काचेच्या ग्लासानं तेवढे काहून पोळत नाहीत? माठातलं पाणी थंड होतं मग पितळेच्या घागरीतलं काहून होत नाही? मी उत्तर द्यायला घेतो. माझं उत्तर माझ्या काकांपासून सुरू होतं, मध्ये एखादा विद्यार्थी येतो, आगगाडी चुकते, आणि शेवटी माठ येतो. चहा थंड होतो. शाळेत मुलं मला प्रश्न विचारत नाहीत, 'परीक्षेत येईल का' एवढंच विचारतात. मुलगी बारावीत आहे, ती मोबाइलला विचारते. अख्ख्या जबलपुरात मला मनापासून 'म्हणजे काय हो' म्हणणारं माणूस एकच, आणि ते त्या रविवारी वरणाचं पातेलं हातात धरून दुसऱ्याच माणसाला विचारत होतं.

आणि त्यानं सांगितलं किती सरळ!

"ताई, पाणी उष्णता वाहून नेण्यात जरा आळशी असतं. धातू तरबेज. मग आपण काय करतो, धातूची किंवा धातूच्या गंजाची अगदी बारीक पूड पाण्यात मिसळतो. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाहूनही बारीक कण. पाणी पाण्यासारखंच वाहतं, पण उष्णता जास्त चांगली नेतं. गाडीचं इंजिन, मोठे कॉम्प्युटर, जिथं म्हणून उष्णता पटकन काढून घ्यायची असते तिथं उपयोग."

"अस्सं!" बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखतो. माठाच्या वेळी आली होती.

"पण हे काही नवीन नाही," मी म्हणालो. "लोक पाण्यात काही ना काही मिसळतच आले आहेत."

"हो दादा, अगदी खरं," साडू म्हणाला. त्याचं हे एक फार वाईट आहे. तो माझं सगळं मान्य करतो. माणसानं भांडायचं कुणाशी?

मेहुणी मात्र म्हणाली, "ताई, नको विचारूस त्यांना. आमच्याकडे फ्रिजमधल्या बाटल्यांवर 'पिऊ नये' अशा चिठ्ठ्या लावाव्या लागतात." मला तेव्हापासून मेहुणीबद्दल फार आदर वाटतो.

तेव्हापासून दर रविवार त्यांचा झाला. दर रविवारी बायकोचे प्रश्न आठवडाभर साठवल्यासारखे बाहेर यायचे. मग कण मोठे घेतले तर? मोठे खाली बसतात, ताई, नळ्या तुंबवतात. मग पुष्कळ घातले तर? पाणी दाट होतं, पंपाला ढकलायला जड जातं, मिळवलेलं सगळं त्यात जातं. चिमूटभरच हवेत. चिमूटभरच हवेत म्हणणारा हा माणूस स्वतः दर रविवारी अख्खा येत होता.

हळूहळू चार वाजताच्या चहाला काही विचारायचंच उरेना. एकदा मी आपण होऊन म्हटलं, "आज पाहिलंस का, कुकरची शिट्टी—"

"ते सांगितलं भावजींनी," बायको म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

"काय सांगितलं?"

"हेच की. वाफेचा दाब."

वाफेचा दाब! दोन शब्द! मी त्याच शिट्टीवर पाऊण तास बोललो असतो, माझ्या आत्याचा स्टोव्ह आला असता त्यात.

मुलगी दारात उभी होती. ती आमची मराठी समजते, पण बोलताना हिंदीत घसरते. म्हणाली, "मम्मी, पापा जल रहे हैं."

"गप्प बस," मी म्हटलं.

"नहीं, सच में. मौसाजी कहते हैं ना, सब कुछ कंडक्टिविटी का खेल है. पापा में आग लगती है और तुरंत पूरे घर में फैल जाती है."

जळण्याला हिंदीत आणि मराठीत एकच शब्द आहे हे आमच्यासारख्या दोन भाषांच्या मधल्या घराला फार महागात पडतं. आमच्याकडे जळलेलं कुठंच लपत नाही.

मग मी ठरवलं, आपणही प्रयोग करावा. बायको भाजीला गेली होती. मी दोन सारखी पातेली घेतली, दोन्हीत सारखं पाणी. एकात देवघरातल्या डब्यातली पांढरी रांगोळी घातली. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, बारीक असते, पाहू या. दोन्ही उकळायची, उतरवायची, आणि कोणतं आधी निवतं ते बघायचं. पुण्याच्या माणसाला जे जमतं ते जबलपूरच्या माणसाला रांगोळीनं का जमू नये?

पाच मिनिटांत रांगोळी तळाशी बसली. नुसती बसली नाही, पातेल्याला धरून बसली. वरचं पाणी निवळ. मी डाव घेऊन ढवळू लागलो. ढवळलं की दुधासारखं, थांबलं की पुन्हा तळ. एवढ्यात दार वाजलं. बायको आली होती, आणि वाटेत भेटला म्हणून साडूला घेऊन आली होती. रविवार नव्हता हो! साधा गुरुवार होता.

"अहो, माझी रांगोळी का उकळताय?" बायको म्हणाली.

उकळताय. मला रांगोळीचं काही वाटलं नाही. 'काहून उकळून राहिले' म्हणाली असती तर मी पातेलंही घासून दिलं असतं.

साडूनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "वा दादा, तुलनेला साधं पाणी, कंट्रोलसुद्धा ठेवलाय. फक्त कण मोठे आहेत. पण कल्पना अगदी योग्य." आणि तो गरम पातेलं फडक्यानं धरून सिंककडे घेऊन गेला. त्यानं हसायला हवं होतं. हसला असता तर निदान मला रागवता आलं असतं.

याच सुमारास गणपती आले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत रविवारी सकाळी एक व्याख्यान असतं. बरीच वर्षं ते माझंच असायचं. 'विज्ञानाच्या गमती' असं त्याचं नाव, आणि त्यातल्या गमती पहिल्या वर्षापासून त्याच. पण लोक येत, हसत, नंतर मसालेभात खात. मंडळाचे सचिव, ज्यांचं ओमतीत औषधाचं दुकान आहे, दरवर्षी आठवडाभर आधी घरी येऊन निमंत्रण देत. यंदाही आले. मी खव्याची जलेबी आणून ठेवली होती.

"सर जी," ते जलेबी तोडत म्हणाले, "यंदा जरा वेगळं करून राहिलो आपण."

"करा ना," मी म्हटलं. "मीही नवीन विषय घेईन. कुकरची शिट्टी."

"नाही म्हणजे, तुमचे साडू आहेत ना, नॅनोवाले. त्यांचा नंबर पाहिजे होता."

मी नंबर सांगितला. जलेबीची बशी मात्र माझ्याकडे ओढून घेतली.

"आणि तुम्ही आहातच," सचिव उठताना म्हणाले. "आभारप्रदर्शन तुमच्याकडं."

जे लोक मंडळांमध्ये वावरले नाहीत त्यांना सांगतो: आभारप्रदर्शन हे ज्याला आता दुसरं काही देता येत नाही त्याला देतात. त्या वेळेला निम्मे लोक चपला शोधत असतात.

पण त्याच आठवड्यात एक चमत्कार झाला. साडू एका संध्याकाळी एकटाच आला आणि माझ्यासमोर बसला. "दादा, तुमची मदत हवी आहे. मी आयुष्यभर हे सगळं इंग्रजीत बोललोय. मराठीत बोलायला गेलो की शब्दच सापडत नाहीत. हे कण पाण्यात सस्पेंड झालेले असतात. सस्पेंडेडला काय म्हणू?"

बायको समोरच पालेभाजी निवडत होती. तिनं मान वर केली. त्यानं मला विचारलं होतं, आणि तिनं ते ऐकलं होतं! मला असं वाटलं, की गॅलरीतून वाऱ्याची झुळूक आली. मी मुद्दाम थोडा वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, घातला.

"निलंबित," मी म्हटलं. "निलंबित कण. पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, आणि हिंदीतही हाच. अगदी शास्त्रशुद्ध."

"निलंबित," तो पुटपुटला. "छान आहे, वजनदार आहे."

"मग!" मी बायकोकडे बघत म्हणालो.

रविवारी मंडळाचं सभागृह भरलं होतं. आमच्या मंडळात पहिल्या दोन रांगा म्हणजे निवृत्त सरकारी अधिकारी. पाटबंधारे, महसूल, शिक्षण, सगळी खाती पांढऱ्या सदऱ्यात बसलेली. त्यांच्यामागे बायका, त्यांच्यामागे मोबाइल पाहणारी मुलं. मी व्यासपीठावर एका कडेला, आभारासाठी राखून ठेवलेला.

साडू सुरुवातीला बरा बोलला. द्रव उष्णता किती नेतो ते कसं मोजतात हे सांगितलं: द्रवात एक बारीक तार बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची. तार भराभर तापली तर समजायचं, आजूबाजूचा द्रव तिची उष्णता नेत नाही. सावकाश तापली तर द्रव चांगला, तिची आग तो वाटून घेतोय. त्या तारेबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला. मीही आठवडेच्या आठवडे एका जागी बुडून तापत होतो आणि आजूबाजूला कोणी वाटून घ्यायला तयार नव्हतं.

मग तो म्हणाला, "तर हे निलंबित कण पाण्यात सतत इकडून तिकडे फिरत असतात—"

पहिल्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं.

"—आणि एका ठिकाणची उष्णता दुसऱ्या ठिकाणी पोचवतात."

"बिलकुल बरोबर!" महसूल खात्याचे एक आजोबा मोठ्यानं म्हणाले. "आमच्या ऑफिसात एक निलंबित झाला होता. दिवसभर सगळ्या टेबलांवर फिरायचा आणि इकडची आग तिकडे लावायचा."

सभागृह कोसळलं. साडूला कळेना. पुण्यात बहुधा कोणी निलंबित होत नसावं. तो निष्पापपणे पुढे म्हणाला, "असे थोडेसेच निलंबित असले तरी सगळ्या द्रवाचा स्वभाव बदलतो."

"प्रोफेसर साहेब," पलीकडून प्रश्न आला, "या निलंबितांना निर्वाह भत्ता मिळून राहिला की नाही?"

"मी होतो निलंबित!" दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उभेच राहिले. त्यांचा आवाज चढला होता. "वर्षभर होतो. पण फिरलो नाही कुठं. घरी बसलो गुपचूप. नंतर सन्मानानं परत घेतलं मला."

"म्हणजे तुमचा गाळ झाला होता," महसूल म्हणालं.

आता हसावं की दोघांना आवरावं हे कोणाला समजेना. सचिव उठून अर्धे उभे, अर्धे बसलेले. साडू घामाघूम झाला आणि माइकवर म्हणाला, "माफ करा, हा शब्द काही माझा नाही. मला तो दादांनी दिलाय."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. इतकी वर्षं 'विज्ञानाच्या गमती' सांगितल्या, पण इतकी मोठी गंमत माझ्या हातून कधी झाली नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिनं पदर काढला आणि बसल्या जागेवरून, बालवाडीत पोरांना सांगतात तशा आवाजात म्हणाली, "अधांतरी म्हणा की, भावजी. ना वर तरंगत, ना खाली बसत. अधांतरी कण."

"अधांतरी!" साडू म्हणाला. "ताई, वा!"

टाळ्या पडल्या. निलंबित आजोबाही टाळ्या वाजवत खाली बसले. त्यानंतर व्याख्यान असं काही चढलं की विचारू नका. अधांतरी कण असे, अधांतरी कण तसे. दर वाक्याला तो शब्द. बायकोचा शब्द. इतक्या वर्षांत माझ्या चहाला तिनं प्रश्न दिले, पण असा शब्द कधी दिला नव्हता. तो तिनं त्याला दिला, आणि तोही चारचौघांत.

मी आभाराला उभा राहिलो तेव्हा कानांच्या पाळ्या गरम होत्या. मी गणरायाचे आभार मानले, अध्यक्षांचे मानले, सचिवांचे मानले. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, मसालेभात करणाऱ्या ताईंचे मानले. खुर्च्या लावणाऱ्यांचे मानले आणि पावसानं उघडीप दिली म्हणून पावसाचेही मानले. आणि बसलो.

बसल्यावर बायकोचा चेहरा दिसला, तेव्हा कळलं. वक्त्याचे राहिले होते.

साडू त्या दिवशी जेवायला आला नाही. "लॅबमध्ये जरा बघायचं आहे," म्हणून गेला. स्कूटरवर बायको मागं बसली ती माझ्या खांद्याला हात न लावता. जिना चढताना फक्त म्हणाली, "पावसाचे आठवले तुम्हाला."

"अगं, विसरलो."

"हो ना. नेमके."

पुढच्या रविवारीही तो आला नाही. मेहुणीचा फोन आला, की ते सुटीच्या दिवशीही लॅबमध्येच असतात, घरी आले तरी गप्प. बायकोनं 'असू दे' म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, साडू गेला की माझे प्रश्न मला परत मिळतील. पण कसले मिळतात! चार वाजता चहा यायचा, आम्ही समोरच्या जांभळाच्या झाडाकडे बघायचो, चहा संपायचा. गरमच संपायचा. इतका गरम चहा मी लग्नानंतर कधी प्यायलो नव्हतो, आणि त्याला काही चवच नव्हती. तो असताना माझ्या वाट्याचं थोडं कमी होत होतं खरं. तो गेल्यावर कोणाच्याच वाट्याला काही येईना. मुलगीसुद्धा म्हणाली, "घर में इतना सन्नाटा काहून है?" तिच्या तोंडून 'काहून' ऐकून मला भरून यायला हवं होतं, पण वेळ तशी नव्हती.

शेवटी एका दुपारी मीच म्हटलं, "तू हल्ली काही विचारत नाहीस."

"कोणाला विचारू?" बायको म्हणाली. "ते येत नाहीत. आणि तुम्हाला विचारलं तर तुम्ही त्यांच्यावर चिडता."

"मला आधीही विचारत नव्हतीस. तो आल्यापासून तुला मी नकोच होतो."

म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं असं वाक्य बोलू नये. चहाचा कप हातात असताना तर नाहीच.

तिनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "अहो, त्यांचं उत्तर एका वाक्यात संपतं. बरोबर असतं, म्हणून संपतं. मग मी अजून एक विचारते, तेही संपतं. तुमचं तसं नाही. तुमचं अर्धं चुकलेलं असतं, मग मी भांडते, मग काकू येतात, काका येतात. एका माठावर आपला आख्खा उन्हाळा निघाला होता. तुम्हाला काय वाटलं, मला माठाचं कळलं नव्हतं तेव्हा?"

"कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

मी कपात पाहू लागलो. कपात चहाची पूड तळाशी बसली होती.

"मग विचार ना आता काहीतरी," मी म्हटलं.

तिनं जरा विचार केला. "बरं, मग सांगा. ते कण अधांतरी राहतात तरी काहून? शेवटी दगडच ना? माझी रांगोळी तर बसली."

काहून! मी खुर्चीत सरसावलो. "असं बघ. संक्रांतीला नर्मदेवर ग्वारीघाटाला गर्दी असते. त्या गर्दीत एखादं दोन वर्षांचं पोर सापडलं तर ते खाली पडतं का? नाही. इकडून एकाचा गुडघा लागतो, तिकडून दुसऱ्याचा धक्का बसतो, पोर आपलं मधल्या मधे. पाण्याचे रेणू सारखे धावत असतात, ते या बारक्या कणाला सगळीकडून धक्के देतात. रांगोळीचा कण म्हणजे गर्दीतला बैल. त्याला कोण हलवतं? तो बसतोच. माझे काका एकदा त्या घाटावर—"

"काका नंतर. कायमचे राहतात का ते अधांतरी?"

इथं मी अडकलो. मला खरंच माहीत नव्हतं. आणि इतक्या दिवसांनी मिळालेला प्रश्न असा हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

"थांब," मी म्हटलं. "गच्चीवरचे कपडे काढून आणतो. आभाळ आलंय."

गच्चीवर गेलो, चादरीच्या आडोशाला उभा राहिलो आणि साडूला फोन लावला.

"दादा!" तो म्हणाला. आवाज दमलेला होता.

"रागावला आहेस का?"

"मी? कशाला?"

"त्या दिवशी आभार. तुझे राहिले."

"राहिले का?" तो खरंच आठवू लागला. "माइकवाल्याचे मानले होते ते आठवतंय. छान बोललात तुम्ही, पावसाचं तर फारच आवडलं मला."

इतके दिवस मी ज्या आगीत शेकत होतो ती पलीकडे पोचलीच नव्हती. मी म्हटलं, "बरं, एक सांग. ते कण कायमचे अधांतरी राहतात का?"

"बसतात, दादा. तेच तर दुखणं आहे. एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, आणि मग तुमच्या रांगोळीसारखे तळाशी. साबणासारखं काहीतरी घालून, आवाजाच्या लहरींनी हलवून आम्ही त्यांना वेगळं ठेवतो, पण किती दिवस? यंदाच्या माझ्या सगळ्या बाटल्यांत गाळ बसलाय. रोज सकाळी जाऊन पाहून राहिलो."

पाहून राहिलो! मी चादर हातात घट्ट धरली.

"काय म्हणालास?"

"रोज पाहून राहिलो, म्हटलं. का?"

"काही नाही. मग आता?"

"पुन्हा ढवळायचं. दुसरं काय." तो हसला. "आमच्या घरी कोणी हे विचारत नाही हो, दादा. ताई विचारतात म्हणून रविवारी यायला बरं वाटायचं. तुम्हाला तर हे रोज मिळतं, चार वाजता."

मी गच्चीच्या कठड्याला टेकलो. दूरवर मदन महलच्या किल्ल्याची टेकडी दिसत होती. त्याला माझा हेवा वाटतो हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि मग त्याच्या बाटल्यांचं फार वाईट वाटलं, हेही खरं.

"रविवारी ये जेवायला," मी म्हटलं. "बाटलीही घेऊन ये. आणि ते आभार... त्या दिवशीचे..."

खालून, जिन्यातून, बायकोचा आवाज आला. "अहो! काय करून राहिले जी तुम्ही वर इतका वेळ? चहा थंड होऊन राहिला!"

"ऐकलंस?" मी फोनवर म्हटलं.

"काय?"

"काही नाही. आभारी आहे," मी म्हटलं, आणि कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली गेलो.